तीन नंबरची खिडकी बंद

शिक्केकाकांच्या बायकोचं म्हणणं असं, की देवानं काळजी वाटायला काढली तेव्हा हे गृहस्थ रांगेत दोनदा उभे राहिले. घराला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघायचे. जिना उतरल्यावर पुन्हा वर जाऊन एकदा ओढायचे. कोपऱ्यावर पोचले की बायकोला विचारायचे, ओढलं ना मी? ती बिचारी हो म्हणायची, तिला आठवत नसलं तरी.

कॉलेजच्या परीक्षा विभागात मात्र हाच स्वभाव त्यांच्या कामी आला. एकतीस वर्षं ते तीन नंबरच्या खिडकीत बसत होते. परीक्षेचे अर्ज तपासायचे, हॉल तिकिटं द्यायची, दाखले काढायचे, गुणपत्रिकांवर गोल शिक्का मारायचा. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही आसनक्रमांक चुकला नव्हता, कारण प्रत्येक आकडा ते दोनदा बोटानं आणि एकदा पेनाच्या टोकानं तपासायचे. उजव्या अंगठ्याचा जांभळा रंग सुट्टीतही जायचा नाही. त्यांचं खरं नाव विद्यार्थ्यांना ठाऊक नव्हतं. पोरं त्यांना शिक्केकाका म्हणायची, आणि ‘काकांच्या तोंडावरही शिक्काच आहे’ असं मागून बोलायची. ते खोटं नव्हतं. ‘सही कुठाय’, ‘फोटो नीट चिकटव’, ‘पुढचा’ या तीन वाक्यांवर त्यांचा दिवस निघायचा.

आदल्या वर्षी कॉलेजवर एक आघात झाला. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलानं आपला जीव संपवला. आठ दिवस सगळीकडे कुजबुज होती, शोकसभा झाली, मग परीक्षा आल्या आणि लोक कामाला लागले. शिक्केकाकांनी मात्र एका दुपारी सगळे जेवायला गेल्यावर दाखल्यांचं रजिस्टर काढलं. त्या मुलाचं नाव त्यात होतं. जाण्याच्या सहा दिवस आधी तो तीन नंबरच्या खिडकीशी येऊन एक दाखला घेऊन गेला होता. त्याची सही होती आणि शेजारी काकांची आद्याक्षरं. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. उंच होता का? चष्मा होता का? काही बोलला होता का? काहीच आठवेना. मुलगा हातभर अंतरावर उभा होता आणि यांनी फक्त सही बघितली होती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. पण तेव्हापासून पोटात जो गोळा आला तो गेला नाही.

म्हणून नवीन वर्षाच्या सुरुवातीला सूचनाफलकावर कागद लागला आणि ‘विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी कर्मचारी प्रशिक्षण, पाच शनिवार’ याखाली बारा नावांत आपलं नाव दिसलं, तेव्हा काकांच्या तोंडचं पाणी पळालं. कुणाला तरी रजिस्टरमधलं कळलं असावं, असंच त्यांना वाटलं. प्रत्यक्षात प्राचार्यांनी विद्यार्थ्यांशी रोज संबंध येणाऱ्या लोकांची यादी केली होती, एवढंच. त्यात ग्रंथपालबाई होत्या, वसतिगृहाचा रखवालदार होता, प्रयोगशाळेतले दोघं होते, उपाहारगृह चालवणारा होता.

पहिल्या शनिवारी सगळे भूगोलाच्या वर्गात जमले. बाकं भिंतीला लावून खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. काकांना गोलात बसायची सवय नव्हती. त्यांच्या आणि जगाच्या मध्ये नेहमी एक जाळी असायची. शिकवायला आलेल्या समुपदेशक मॅडम तिशीच्या, त्यांच्या धाकट्या मुलीच्या वयाच्या. त्या आठवड्यातून दोन दिवस, सोमवारी आणि शुक्रवारी सकाळी, कॉलेजात बसायच्या. एरवी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका दवाखान्यात काम करायच्या. त्यांनी फार व्याख्यान दिलं नाही. म्हणाल्या, एखादा मुलगा यायचा बंद होतो, आवडीच्या वस्तू वाटून टाकतो, आपण नसल्यासारखं बोलतो, तर तिकडे लक्ष द्या. बाजूला घ्या. सरळ विचारा. ऐका. एकटं सोडू नका आणि माझ्यापर्यंत आणा. तुम्ही कुणाला बरं करायचं नाहीये, फक्त पोचवायचंय.

“सरळ म्हणजे कसं?” रखवालदारानं विचारलं.

“सरळ म्हणजे याच शब्दांत,” मॅडम म्हणाल्या. “जीव द्यायचा विचार मनात येतो का?”

उपाहारगृहवाला हळूच म्हणाला, की असं विचारलं तर ज्याच्या डोक्यात नाही त्याच्याही डोक्यात यायचं. मॅडम म्हणाल्या, सगळ्यांना हीच भीती वाटते, पण तसं होत नाही. विचारल्यानं तो विचार येत नाही. असलाच तर तो बोलायला वाट मिळते.

दुसऱ्या शनिवारी जोड्या लावून सराव ठेवला. काकांच्या वाट्याला रखवालदार आला. गडी पहिलवान, मान बैलासारखी, आणि त्याला खचलेल्या विद्यार्थ्याचं सोंग करायचं होतं. त्यानं ते इतकं मनापासून केलं, की काकांना घाम फुटला. दहाजण बघतायत, समोर हा एवढा देह मान खाली घालून बसलाय, आणि आपण तो प्रश्न विचारायचाय. ओठ हलले आणि एकतीस वर्षांच्या सवयीनं तोंडातून निघालं, “अर्जाची दुसरी प्रत जोडलीये का?”

हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. रखवालदार तर खुर्चीवरून पडायचा बाकी होता. हसल्या नाहीत त्या फक्त मॅडम. संपल्यावर काका मागे रेंगाळले आणि त्यांना गाठून म्हणाले, की माझं नाव यादीतून काढा, हे मला जमायचं नाही. मॅडमनी कारण विचारलं. काकांनी रजिस्टरचं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, की समजा मी विचारलं, सगळं तुम्ही सांगता तसं केलं, आणि तरीही तो मुलगा गेला तर?

“तसं होऊ शकतं, काका. होत नाही असं खोटं सांगणार नाही मी. पण विचारल्यानं पुष्कळदा टळतं, हेही खरंय.”

काकांना वाटलं होतं, ही पोरगी धीर देईल. भीक नको पण कुत्रा आवर, असं झालं. तो सबंध आठवडा त्यांची झोप उडाली.

तिसऱ्या शनिवारनंतरचा रविवार. सकाळी बायको शिवणयंत्रावर कुणाचे तरी पडदे शिवत बसली होती. ती घरी शिवणकाम करायची, आणि यंत्राच्या खडखडाटावरून तिचा मूड ओळखता येतो असं काका म्हणायचे. न्हाणीघरात दाढी करताना काका आरशात बघून हलक्या आवाजात म्हणत होते, “जीव द्यायचा विचार मनात येतो का? जीव द्यायचा विचार...” यंत्र थांबलं. दार ढकलून बायको आत आली, चेहरा पांढराफटक. अर्ध्या गालावर साबण घेऊन काकांना सगळं सांगावं लागलं. प्रशिक्षण तिला माहीत होतं. या वेळी त्यांनी रजिस्टरचंही सांगितलं.

तिनं टॉवेल दिला. मग म्हणाली, आरशाला विचारून काय होणार, बाहेर या, मला विचारा. मी होते विद्यार्थी.

दोघं यंत्राशेजारी समोरासमोर बसले. काकांनी दोनदा खाकरलं आणि तिच्या डोळ्यांत बघत तो प्रश्न विचारला. न अडखळता, पहिल्यांदाच. आता ती काहीतरी सोंग करेल म्हणून ते थांबले. तिनं पडद्याची कड बोटात धरली होती.

“आता नाही येत,” ती म्हणाली. “तेव्हा यायचा. धाकटी दोन महिन्यांची होती तेव्हा.”

काकांना वाटलं ती सराव करतेय. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांच्या लक्षात आलं की नाही. धाकटी आता तीस वर्षांची होती आणि तिला स्वतःची मुलगी होती. बायकोनं सांगितलं ते असं. झोप नव्हती, पोरगी रात्रंदिवस रडायची. आपण हिला सांभाळायला लायक नाही, आपण नसलो तर सगळ्यांचं बरं होईल, असं मनात यायचं. तेव्हा परीक्षांचा हंगाम होता आणि काका अंधार पडल्यावर घरी यायचे.

“तुम्ही विचारावं म्हणून मी दोन दिवस आजारी असल्याचं दाखवलं,” ती म्हणाली. “तुम्ही खोकल्याचं औषध आणून दिलंत.”

“मग?”

“शेजारच्या बाई यायच्या. विचारायच्या नाहीत काही, पण पोरीला घेऊन दोन दोन तास बसायच्या. मला झोप मिळाली. हळूहळू गेलं ते.”

ती पुन्हा यंत्राकडे वळली. काका तिथंच बसून राहिले. तीन तीनदा कुलूप ओढणारा माणूस. आत काय चाललंय ते त्याला तीस वर्षं कळलं नव्हतं. माफी मागावी असं त्यांना वाटलं. त्या दिवशी त्यांनी शिवलेल्या सगळ्या पडद्यांचे दोरे कापून दिले. तिनं फक्त कात्री पुढे सरकवली.

त्यानंतर काकांचा तोल गेला, असंच म्हणावं लागेल. खिडकीसमोर येणारा प्रत्येक चेहरा त्यांना संशयास्पद दिसू लागला. कुणी गप्प असला तर पाल चुकचुकायची, कुणी फार हसला तर अधिकच. एका मुलीला त्यांनी झोप लागते का विचारलं, ती म्हणाली, वर्गात छान लागते. आणि एका सकाळी डोळे सुजलेला, नाक लाल झालेला एक मुलगा आला. काकांचा संयम सुटला. रांगेतल्या पंधरा जणांसमोर, जाळीतून त्यांनी त्याला तो प्रश्न विचारला, त्याच शब्दांत. मुलाला धुळीची ॲलर्जी होती. रांगेत खसखस पिकली. संध्याकाळपर्यंत कॉलेजभर झालं, की शिक्केकाका आता मनावर पण शिक्का मारून देतात.

तेवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. पण दुसऱ्या दिवशी त्या मुलाचे वडील प्राचार्यांकडे आले आणि टेबलावर हात आपटून म्हणाले, की तुमच्या कारकुनानं माझ्या पोराला चारचौघांत वेडा ठरवलं. प्राचार्यांनी काकांना बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण तक्रारीला फार भ्यायचा. ते म्हणाले, “प्रशिक्षण घ्या म्हटलं होतं, काका. लगेच वापरा असं कुणी म्हटलं?” आणि मेमो दिला. आपल्या कामाच्या कक्षेबाहेरील वैयक्तिक प्रश्न विद्यार्थ्यांना विचारू नयेत, पुन्हा तक्रार आल्यास कारवाई होईल. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेल्या, आयुष्यात पहिल्यांदा मेमो मिळालेल्या माणसानं तो कागद दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला.

चौथ्या शनिवारी त्यांनी तो मेमो मॅडमना दाखवला. मॅडमनी प्राचार्यांशी बोलायचं कबूल केलं. मग म्हणाल्या, की तुमची चूक विचारण्यात नव्हती, सगळ्यांसमोर विचारण्यात होती. बाजूला घ्यायचं, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. काकांना ते पटलं, पण आता विचारणार कोण? आपण नाकासमोर चालणारी माणसं. त्यांनी मेमो खिडकीशेजारच्या खणात ठेवला आणि पुन्हा ‘सही कुठाय’ सुरू केलं. पाचव्या शनिवारी प्रमाणपत्रं वाटली. काकांनी आपलं घरी नेलंच नाही.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी, एका गुरुवारी, ती मुलगी आली.

परीक्षेचे अर्ज भरायला दोन दिवस उरले होते. रांग जिन्यापर्यंत गेली होती. ती दुसऱ्या वर्षाची, उंच, केस घट्ट मागे बांधलेले. तिला अर्ज भरायचा नव्हता. जमा केलेली मूळ कागदपत्रं परत हवी होती. काकांनी कारण विचारलं, तसं विचारावंच लागायचं. ती म्हणाली, शिकायचं नाहीये आता. काकांनी फॉर्म सरकवला. तिनं तो भरला, अक्षर अगदी सुबक. मग म्हणाली, की माझ्या फाईलवर आईचा फोन नंबर आहे तो काढता येईल का, तिला कॉलेजातून फोन जायला नको. काकांनी मान वर केली.

“आणि कागद पोस्टानं घरी पाठवता येतील का?” तिनं विचारलं. “मी नसले तरी.”

“नसले म्हणजे? गावाला जाणारेस?”

“म्हणजे नसले तरी,” ती म्हणाली आणि पेन खाली ठेवलं, टोपण लावून, कागदाला समांतर.

काकांच्या हातात शिक्का होता. खणात मेमो होता. मागचा मुलगा ‘लवकर करा ना’ म्हणत होता. पुन्हा चूक झाली तर? हिचा बाप येऊन टेबल आपटेल, नोकरीची शेवटची दोन पानं काळी होतील. आणि चूक नसली तर? रजिस्टरमधल्या त्या मुलाचे शेवटचे सहा दिवस त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले.

त्यांनी शिक्का खाली ठेवला. उठले. ‘खिडकी बंद’ची पाटी एकतीस वर्षांत त्यांनी दुपारी एकच्या आधी कधी लावली नव्हती, ती साडेअकराला लावली. रांगेतून ओरडा झाला. शेजारच्या दोन नंबरच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, काका, वेड लागलं का, माझ्याकडे किती घेऊ? काका त्यांना ‘सांभाळा जरा’ एवढंच म्हणाले आणि मागच्या दारानं बाहेर गेले.

ती मुलगी रांगेतून बाहेर पडून जिन्याकडे निघाली होती. काकांनी तिला गाठलं आणि पलीकडच्या रिकाम्या बोळात, जुन्या कपाटांजवळच्या बाकावर जरा बसायला सांगितलं. ती बसली नाही. कागदांत काही चूक आहे का, तिनं विचारलं. काकांनी नाही म्हटलं. तिला राग आला. म्हणाली, “मग तुम्हाला काय करायचंय? शिक्का मारा आणि द्या.”

“मारतो,” काका म्हणाले. “पण आधी एक विचारतो. चुकलं तर माफ कर. जीव द्यायचा विचार मनात येतो का?”

बोळाच्या टोकाला कुणीतरी बादली ओढत होतं. तो आवाज जाईपर्यंत ती भिंतीकडे बघत उभी होती. मग बसली.

“हो,” ती म्हणाली.

तेही बसले, बाकाच्या दुसऱ्या टोकाला. पुढे काय म्हणायचं ते पाच शनिवार घोकलं होतं, आणि त्यातलं एकच वाक्य आठवलं. “सांगितलंस ते बरं केलंस.” ते म्हणताना आपला आवाज अर्ज नाकारताना असतो तसाच येतोय, असं त्यांना वाटलं. ती रडली नाही. फक्त हातातली पिशवी तिनं मांडीवर घेतली.

ते तिला घेऊन समुपदेशन कक्षाकडे गेले. दाराला कुलूप. गुरुवार होता, हे काकांच्या ध्यानातच नव्हतं. त्यांनी मॅडमना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. ती म्हणाली, राहू दे काका, मी उद्या येते. हे ‘उद्या’ ऐकून काकांच्या अंगावर काटा आला. एकटं सोडायचं नाही, एवढं एकच त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी ग्रंथपालबाईंना निरोप धाडला आणि तिला परीक्षा विभागाच्या मागच्या अभिलेख खोलीत नेलं. दार उघडंच ठेवलं. खोलीत छतापर्यंत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, दोन स्टुलं आणि एक लंगडं टेबल. ग्रंथपालबाई पाण्याची बाटली आणि आपला डबा घेऊन आल्या, काही न विचारता जमिनीवर बसल्या.

पुढचा दीड तास काकांना आयुष्यभर पुरेल इतका होता. फोन वाजेना. बाहेर रांग चढत होती, दोन नंबरच्या बाईंचा आवाजही. मुलगी नुसती बसली होती, म्हणून काकांनी मागच्या परीक्षेच्या हॉल तिकिटांच्या प्रतींचा एक ढीग तिच्यापुढे ठेवला आणि क्रमांकानं लावशील का म्हणाले. तिनं लावायला घेतली. शंभरेक तिकिटं लावून झाल्यावर आपणहून बोलली. पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिले होते. घरी सांगितलं नव्हतं. मोबाईलवर गुणपत्रिकेचे आकडे बदलून तिनं ती आईला दाखवली होती. आईनं ती सगळ्या नातेवाइकांना पाठवली. मग पुढच्या सेमिस्टरला पुन्हा तेच करावं लागलं.

“तुमचा शिक्का पण मी हुबेहूब काढला,” ती म्हणाली. “आता कुठून मागे फिरायचं तेच कळत नाही.”

एरवी काकांनी यावर आकाशपाताळ एक केलं असतं. आता त्यांना तो शिक्का आठवलासुद्धा नाही. ते फक्त म्हणाले, की राहिलेले विषय सुटतात, सोडवून गेलेली पोरं मी शेकड्यानं पाहिलीत. मग ती उठली, मला बाथरूमला जायचंय म्हणाली, आणि काकांचा जीव टांगणीला लागला. जाऊ नको कसं म्हणायचं? ग्रंथपालबाई शांतपणे उठल्या, मलाही जायचंच आहे म्हणाल्या आणि बरोबर गेल्या. त्या दोघी परत येईपर्यंतची सहा मिनिटं काका दारात उभे राहून घड्याळ बघत होते.

एकला फोन आला. मॅडम दुसऱ्या रुग्णाबरोबर होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, निघते, तोवर असेच बसा, फार छान करताय. त्या पावणेदोनला पोचल्या. दार लावून तासभर बोलल्या. आईचं नाव काढताच ती गप्प व्हायची, म्हणून शेवटी तिच्या मावशीला बोलवायचं ठरलं. मावशी बेकरीत कामाला होती. ती अंगावरच्या पिठाळ एप्रनसकट आली, काही विचारलं नाही, भाचीला जवळ घेतलं आणि तिच्या डोक्यावर हनुवटी टेकून उभी राहिली. मॅडम दोघींना घेऊन डॉक्टरांकडे गेल्या.

चार वाजता प्राचार्यांनी बोलावलं. खिडकी बंद ठेवल्याच्या तीन तक्रारी आल्या होत्या. काका उभ्यानंच सगळं बोलले आणि दुसरा मेमो घ्यायला तयार झाले. प्राचार्य म्हणाले, घरी जा, उद्या या. पहिला मेमो त्यांनी कधी मागे घेतला नाही. दुसरा दिला नाही. त्या दिवशी ज्यांचे अर्ज राहिले, त्या चौदा जणांची नावं काकांनी शोधून काढली आणि दुसऱ्या दिवशी एकेकाला बोलावून अर्ज घेतले.

पण खरा त्रास पुढे होता. त्या मुलीचं काय झालं ते काकांना कळेना. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, की तिची गोष्ट तिची आहे, मला सांगता येणार नाही. हे बरोबर होतं, आणि त्यामुळेच अधिक जाचायचं. रोज सकाळी काका वर्तमानपत्र उचलायला कचरायचे. जेवणावरचं मन उडालं. बायकोनं एकदा समजावलं, दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा मात्र ती समोर बसली आणि त्यांनी तिला विचारलं होतं तसंच, तशाच शब्दांत त्यांना विचारलं. काका म्हणाले, नाही, तसं नाही, पण भीती फार वाटते. मग शुक्रवारी तुम्हीच त्या मॅडमकडे जाऊन बसा, ती म्हणाली. कर्मचाऱ्यानं तिकडे जायचं म्हणजे चर्चेला निमंत्रण, पण काका गेले. चार शुक्रवार गेले. रजिस्टरमधल्या त्या मुलाबद्दल तिथं बोलले. गोळा सगळा विरघळला असं नाही, पण रात्री झोप लागू लागली.

पाच आठवड्यांनी टपालात एक अर्ज आला. वैद्यकीय कारणानं एक सेमिस्टर सुट्टी मिळावी. खाली सुबक अक्षरात तिची सही आणि दोन दिवसांपूर्वीची तारीख. काकांनी ती तारीख दोनदा बोटानं आणि एकदा पेनाच्या टोकानं तपासली. मग उठून पाणी प्यायले.

ती परतली ते सात महिन्यांनी. काही सांगायला आली नव्हती, राहिलेल्या विषयांचा अर्ज भरायला रांगेत उभी होती. केस कापले होते, जरा भरली होती. काकांनी अर्ज तपासला. एका विषयाचा क्रमांक चुकला होता, तो त्यांनी तिच्याकडून नीट करून घेतला. ती ‘थँक्यू काका’ म्हणाली आणि गेली. पुढचा मुलगा आला.

घरी त्यांनी बायकोला सांगितलं. तिनं विचारलं, कशी आहे? काका म्हणाले, रांगेत कसं विचारणार? आणि जेवताना त्यांना वाटत राहिलं, की विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते ग्रंथालयाकडे गेले. ती पायरीवर वही घेऊन बसली होती, एका मैत्रिणीबरोबर. मैत्रीण काकांना बघून उठली. काका पायरीच्या खालीच उभे राहिले.

“कसं चाललंय?”

तिनं बोट घालून वही मिटली. “काही दिवस बरे जातात. काही अजिबात नाही. आईला सांगितलं सगळं. ती अजून नीट बोलत नाही माझ्याशी.”

“आणि आजचा दिवस?”

“आजचा ठीक आहे.”

काकांनी सांगितलं, की मॅडम आता आठवड्यातून तीन दिवस बसतात, बुधवारपण. ती म्हणाली, माहितीये, बुधवारीच जाते मी. मग ती वहीत बघू लागली आणि काका अर्धी पोळी राहिलेल्या डब्याकडे परत निघाले. वाटेत दोनदा त्यांनी मागे वळून पाहिलं. दोन्ही वेळा ती तिथंच बसलेली होती, मैत्रीण परत आली होती, आणि दोघी कशावरून तरी भांडत होत्या.